‘भारताकडून न खेळलेला’ : देशांतर्गत क्रिकेटपटूच्या कारकिर्दीची समीक्षा
(विशेष संदर्भ : अमोल मुझुमदार)

सारांश : देशांतर्गत क्रिकेट खेळून निवृत्त झालेल्या खेळाडूची ओळख आपल्या क्रीडालेखनात बहुधा एका नकाराने करून दिली जाते. ‘तो भारताकडून खेळला नाही’ हे त्याच्याविषयीचे पहिले आणि अनेकदा शेवटचे विधान असते. या नकाराभोवती ‘दैव’, ‘प्रतीक्षा’ आणि ‘भरपाई’ या तीन कल्पनांची भाषा उभी राहिली आहे. ही भाषा खेळाडूविषयी सहानुभूती व्यक्त करते. परंतु त्याने प्रत्यक्ष केलेले काम, त्या कामाची परिस्थिती आणि निवडव्यवस्थेची जबाबदारी या तिन्ही गोष्टी दृष्टीआड करते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी अमोल मुझुमदार यांच्या कारकिर्दीचा मुख्यत्वे आणि पद्माकर शिवलकर यांच्या कारकिर्दीचा तुलनेसाठी विचार केला आहे.

बीजसंज्ञा : देशांतर्गत क्रिकेट, रणजी करंडक, कारकीर्द, क्रीडासमीक्षा, व्यावसायिकता.

१. प्रास्ताविक

मराठीत क्रिकेटविषयक लेखनाची परंपरा समृद्ध आहे. वृत्तपत्रीय वार्तांकन, आकाशवाणीवरील समालोचन, ललित लेख, आठवणी आणि आत्मकथने अशा अनेक वाटांनी हा खेळ मराठी वाचकांच्या घरात पोहोचला. वि. वि. करमरकर यांनी क्रीडापत्रकारितेला प्रतिष्ठा मिळवून दिली, बाळ ज. पंडितांनी मैदान श्रोत्यांच्या कानांपर्यंत नेले, तर शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी यांनी खेळाडूंची शब्दचित्रे लोकप्रिय केली. मात्र या विपुल लेखनात वर्णन आणि आठवण यांचे प्रमाण मोठे आहे. त्या मानाने मूल्यमापनाच्या निकषांची चर्चा अल्प आहे. एखाद्या खेळाडूची कारकीर्द थोर, मध्यम वा अपुरी ठरवताना आपण कोणती मोजपट्टी वापरतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न सर्वाधिक निकडीचा ठरतो तो देशांतर्गत क्रिकेटपटूच्या बाबतीत. ज्याने पंधरा-वीस वर्षे रणजी करंडक आणि तत्सम स्पर्धा खेळल्या, परंतु ज्याला एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही, असा खेळाडू येथे अभिप्रेत आहे. अशा खेळाडूंची संख्या कसोटीपटूंच्या कितीतरी पट आहे. भारतीय क्रिकेटचा दैनंदिन व्यवहार त्यांच्याच बळावर चालतो. तरीही त्यांच्या कारकिर्दीविषयी बोलताना आपल्यापाशी स्वतंत्र परिभाषा नाही. साहित्यसमीक्षेत एखाद्या कथाकाराचे मूल्यमापन ‘याने कादंबरी लिहिली नाही’ या वाक्याने सुरू केले, तर ते कोणालाही पटणार नाही. क्रिकेटच्या बाबतीत मात्र अशा वाक्याने कोणीही अस्वस्थ होत नाही.

कारकीर्द ही एक संहिता आहे असे मानले, तर तिच्या वाचनाची पद्धत तपासणे हे समीक्षेचे काम ठरते. प्रस्तुत लेखात तेच करण्याचा प्रयत्न आहे.

२. मोजपट्टीचा इतिहास

कसोटी सामना हीच कारकिर्दीची अंतिम मोजपट्टी, ही समजूत आज इतकी स्वाभाविक वाटते की ती ऐतिहासिक आहे, याचे भान राहत नाही. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला आणि रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ च्या हंगामात सुरू झाली. त्यापूर्वीच्या खेळाडूंना ही मोजपट्टी लागूच होत नाही.

पाळवणकर बाळू यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघातून खेळताना या डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाने त्या दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेतले. कसोटी क्रिकेट न खेळल्याबद्दल बाळूंविषयी कोणी हळहळत नाही. त्यांच्याविषयी विचारले जाणारे प्रश्न वेगळे आहेत : चर्मकार समाजातील या असामान्य गोलंदाजाला हिंदू संघाचे नेतृत्व का मिळाले नाही? मैदानावर ज्याच्या हातचा चेंडू चालत होता, त्याला मैदानाबाहेर कोणती वागणूक मिळाली? थोडक्यात, बाळूंची कारकीर्द वाचताना आपण व्यवस्थेला प्रश्न विचारतो; दैवाला विचारत नाही.

दुसरे उदाहरण प्रा. दि. ब. देवधरांचे. संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या देवधरांनी १९२६ मध्ये भारतात आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १४८ धावांची खेळी केली. भारत कसोटी खेळू लागला तेव्हा त्यांचे वय चाळीस झाले होते. त्यांना कसोटी संघात स्थान मिळाले नाही. परंतु त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन वेळा रणजी करंडक जिंकला. पुढे त्यांच्या नावाने देशांतर्गत स्पर्धा सुरू झाली. देवधरांची स्मृती ‘हुकलेला कसोटीपटू’ अशी न राहता भारतीय क्रिकेटचे एक जनक अशी राहिली.

या दोन उदाहरणांवरून एवढे स्पष्ट होते की, कसोटीशिवाय पूर्णत्वास गेलेली कारकीर्द ही कल्पना आपल्याला मुळात परकी नव्हती. कसोटी सामन्यांची संख्या वाढली, दूरचित्रवाणी घरोघरी आली आणि स्थानिक सामन्यांचा प्रेक्षक ओसरला, तसतशी देशांतर्गत क्रिकेटकडे केवळ वरच्या मजल्यावर नेणारा जिना म्हणून पाहिले जाऊ लागले. जिन्यावर उभा असलेला माणूस कोठे तरी जात असतो किंवा अडकलेला असतो. तो तेथेच राहतो आणि काम करतो, ही शक्यता मग कोणाच्या मनात येत नाही.

३. दैवाची भाषा : पद्माकर शिवलकर

पद्माकर शिवलकर (१९४०-२०२५) यांनी १२४ प्रथमश्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले. त्यांची सरासरी २० धावांहून कमी होती. एका डावात पाच वा अधिक बळी घेण्याची कामगिरी त्यांनी ४२ वेळा केली. १९६१-६२ मध्ये सुरू झालेली त्यांची कारकीर्द १९८७-८८ पर्यंत, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत चालली. त्यांचे नाव निघाले की लगोलग बिशनसिंग बेदी यांचे नाव निघते आणि ‘चुकीच्या काळात जन्मलेला गोलंदाज’ असा निष्कर्ष काढून चर्चा थांबते. हरियाणाचे राजिंदर गोयल हे त्याच काळातील तिसरे डावखुरे फिरकी गोलंदाज. रणजी स्पर्धेत ६३७ बळी घेऊनही त्यांच्याही वाट्याला हेच वाक्य आले.

हा निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून आहे, यात शंका नाही. बेदी १९६६ च्या अखेरीस कसोटी संघात आले आणि १९७९ पर्यंत राहिले. ते दूर झाल्यावर ती जागा दिलीप दोशी यांच्याकडे गेली. तेव्हा शिवलकर एकोणचाळीस वर्षांचे होते. आक्षेप आहे तो या वस्तुस्थितीला ‘दैव’ म्हणण्यास. एका शैलीचा एकच गोलंदाज संघात असावा, हा निवडीचा संकेत आहे. संकेत माणसे ठरवतात. वेगवेगळ्या शैलींचे चार फिरकी गोलंदाज आलटून पालटून खेळवणाऱ्या काळात दोन डावखुऱ्यांना एकत्र खेळवण्याचा विचार फारसा झाला नाही, हा एका धोरणाचा परिणाम होता. धोरणाला दैव म्हटले की त्याची चिकित्सा करण्याची गरज उरत नाही.

दैवाच्या भाषेचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. तिच्यामुळे शिवलकरांनी काय केले, याचे वर्णनच मागे पडते. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्याचा विचार करावा. चेन्नईच्या चेपॉक मैदानावर मुंबईची गाठ तामिळनाडूशी होती. खेळपट्टी फिरकीला साथ देणारी होती आणि यजमानांकडे वेंकटराघवन व व्ही. व्ही. कुमार यांच्यासारखे निष्णात फिरकी गोलंदाज होते. मुंबईने दोन डावांत १५१ आणि ११३ एवढ्याच धावा केल्या. तरीही सामना मुंबईने १२३ धावांनी जिंकला. कारण तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. मुंबईचे ते सलग पंधरावे विजेतेपद होते. ज्या खेळपट्टीवर दोन्ही संघांच्या फिरकी गोलंदाजांना समान संधी होती, तेथे एका गोलंदाजाने टप्पा आणि उंची यांवरील हुकमतीच्या बळावर सामन्याचा निकाल ठरवला. फिरकी गोलंदाजीच्या अभ्यासकाला या सामन्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ‘बिचारे शिवलकर’ म्हणणाऱ्याला मात्र त्यात हळहळीला आणखी एक कारण सापडते, एवढेच.

सुनील गावस्कर यांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात शिवलकर आणि गोयल या दोघांचा समावेश केला, ही गोष्ट म्हणूनच उल्लेखनीय आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१७ मध्ये या दोघांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. तोवर शिवलकरांना निवृत्त होऊन जवळजवळ तीन दशके लोटली होती.

४. प्रतीक्षेचे रूपक : अमोल मुझुमदार

शिवलकरांच्या बाबतीत जे स्थान दैवाला आहे, ते अमोल मुझुमदार यांच्या बाबतीत ‘प्रतीक्षा’ या कल्पनेला आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस ढाल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराकडून सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्यांच्यानंतर फलंदाजीला जाणारा मुलगा पॅड बांधून बसून राहिला. त्याची पाळी आलीच नाही. तो मुलगा म्हणजे मुझुमदार. त्यांच्याविषयीचा जवळजवळ प्रत्येक लेख या प्रसंगापासून सुरू होतो आणि पुढची पंचवीस वर्षे त्याच प्रसंगाचा विस्तार म्हणून सांगितली जातात.

रूपक म्हणून हा प्रसंग प्रभावी आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील दोन दिवसांनी प्रौढ खेळाडूच्या दोन दशकांचा अर्थ ठरवावा काय? त्या सामन्यात न मिळालेली फलंदाजी ही तपशीलाची बाब होती. पुढे मिळालेली फलंदाजी हा कारकिर्दीचा आशय आहे. तिचा हिशेब असा : १७१ प्रथमश्रेणी सामने, ११,१६७ धावा, ४८.१३ ची सरासरी आणि ३० शतके. यांतील नऊ हजारांहून अधिक धावा केवळ रणजी स्पर्धेतील आहेत. काही काळ या स्पर्धेतील सर्वाधिक धावांचा विक्रमही त्यांच्या नावावर होता. पुढे तो वसीम जाफर यांनी मागे टाकला. अकरा हजार धावा करणाऱ्या फलंदाजाचे प्रातिनिधिक चित्र म्हणून बाकावर बसलेला मुलगा निवडला जावा, यातच रूपकाची मर्यादा उघड होते.

पदार्पणाचा सामना पाहू. १९९३-९४ च्या हंगामात फरिदाबाद येथे हरियाणाविरुद्ध एकोणीस वर्षांच्या मुझुमदारांनी २६० धावा केल्या. प्रथमश्रेणी पदार्पणातील ती जगातील सर्वोच्च खेळी ठरली. हा विक्रम २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेरा यांनी नाबाद २६७ धावा करून मोडला आणि २०२२ मध्ये बिहारच्या साकिबुल गनी यांनी ३४१ धावांपर्यंत नेला. म्हणजे सुमारे चोवीस वर्षे तो अबाधित होता. मुझुमदारांच्या आधी भारतात पदार्पणातील अशा मोठ्या खेळीसाठी गुंडप्पा विश्वनाथ यांचे नाव घेतले जाई. त्यांनी १९६७ मध्ये म्हैसूरकडून आंध्रविरुद्ध २३० धावा केल्या आणि दोनच वर्षांनी कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी पदार्पणात शतक झळकावले. एकाच्या द्विशतकाकडे आपण ‘सुरुवात’ म्हणून पाहतो, दुसऱ्याच्या द्विशतकाकडे ‘न पाळले गेलेले वचन’ म्हणून. दोन्ही डाव आपापल्या जागी पूर्ण होते. त्यांचा अर्थ आपण नंतरच्या घटनांवरून ठरवतो.

कसोटी संघात स्थान न मिळण्याचे स्पष्टीकरण सर्वपरिचित आहे. तेंडुलकर १९८९ पासून संघात होते. राहुल द्रविड, सौरव गांगुली आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण हे तिघेही १९९६ मध्ये आले. मधल्या फळीतील जागा त्यानंतर दशकाहून अधिक काळ क्वचितच मोकळ्या झाल्या. हे स्पष्टीकरण खरे आहे. परंतु १९९६ पूर्वीच्या दोन हंगामांत आणि नंतरच्या काळात दुखापतींमुळे निर्माण झालेल्या संधी कोणाला, कोणत्या निकषावर मिळाल्या, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. निवड समिती आपल्या निर्णयांची कारणे सविस्तर प्रसिद्ध करीत नाही. परिणामी, न निवडलेल्या खेळाडूला आपल्यात काय उणे होते, हे कळण्याचा खात्रीचा मार्ग राहत नाही. प्रतीक्षेचे रूपक ही उणीव झाकून टाकते. ज्याच्यापाशी कारण मागायचे, तो पक्षच कथेतून नाहीसा होतो. उरतो फक्त वाट पाहणारा मनुष्य.

येथे आणखी एक तुलना उद्बोधक ठरेल. १९८८ च्या त्याच सामन्यात सेंट झेवियर्सच्या गोलंदाजांमध्ये साईराज बहुतुले होते. पुढे मुंबईकडून खेळताना ते एक यशस्वी अष्टपैलू ठरले. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी ६०० हून अधिक बळी घेतले आणि ६,००० हून अधिक धावा केल्या. भारताकडून त्यांना दोन कसोटी सामने खेळायला मिळाले. प्रचलित मोजपट्टीनुसार बहुतुले रेषेच्या अलीकडे आणि मुझुमदार पलीकडे पडतात. परंतु दोघांनीही आपल्या आयुष्यातील क्रिकेट जवळजवळ संपूर्णपणे देशांतर्गत मैदानांवरच खेळले. दोन कसोटी आणि शून्य कसोटी यांतील अंतर दोन खेळाडूंच्या प्रतवारीसाठी निर्णायक मानावे, इतके मोठे आहे काय?

५. नेतृत्व आणि स्थलांतर

प्रतीक्षेच्या कथेत सहसा त्रोटकपणे येणारे दोन टप्पे समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत.

पहिला टप्पा २००६-०७ च्या हंगामाचा. या हंगामात मुंबईचे नेतृत्व मुझुमदारांकडे होते. सुरुवातीच्या पराभवांमुळे संघ अडचणीत आला होता. तेथून तो बाद फेरीपर्यंत पोहोचला. वडोदऱ्यातील उपांत्य सामन्यात मुंबईच्या दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वी पाच फलंदाज बाद झाले. एवढी पडझड होऊनही तो सामना मुंबईने जिंकला. अंतिम सामन्यात बंगालला हरवून मुंबईने सदतिसावे विजेतेपद मिळवले. त्या सामन्यात सचिन तेंडुलकर मुझुमदारांच्या नेतृत्वाखाली खेळले आणि त्यांनी शतक केले. शाळेच्या संघातील ज्या दोन मुलांची नावे नेहमी एकमेकांच्या विरोधात मांडली जातात, त्यांचे हे नाते रूपकात कोठेच बसत नाही. येथे वाट पाहणारा कोणीच नव्हता. एक कर्णधार होता आणि एक फलंदाज.

दुसरा टप्पा स्थलांतराचा. २००९ मध्ये मुझुमदारांनी मुंबई सोडली आणि ते आसामकडून खेळू लागले. २०१२ पासून आंध्रकडून खेळले आणि २०१४ मध्ये निवृत्त झाले. आपल्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये परराज्यातून मानधनावर आलेल्या खेळाडूला ‘प्रोफेशनल’ म्हणण्याची रूढी आहे. या शब्दाचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. मुंबईकडून खेळणे ही परंपरेची, अभिमानाची गोष्ट. आसामकडून खेळणे हा व्यवसाय, अशी वाटणी त्यात गृहीत धरलेली असते. सहानुभूतीच्या कथेत म्हणूनच हा टप्पा ‘उतरणी’चा मानला जातो.

वस्तुतः याच टप्प्यात देशांतर्गत क्रिकेटपटूची व्यावसायिकता सर्वाधिक स्पष्ट होते. ज्या संघाला विजेतेपदाची परंपरा नाही, जेथे प्रेक्षक थोडे आणि प्रसिद्धी त्याहून थोडी, तेथे पस्तिशी गाठलेल्या फलंदाजाने दरवर्षी सरावाला उभे राहावे, चार दिवसांच्या सामन्यात तासन् तास फलंदाजी करावी आणि तरुण सहकाऱ्यांना डाव कसा उभारतात हे प्रत्यक्ष खेळून दाखवावे, यासाठी लागणारी कामावरची निष्ठा कसोटी संघाच्या आशेवर पोसलेली असणे शक्य नाही. ती आशा तोवर संपलेली होती. आशा संपल्यावर जे काम चालू राहते, त्याला प्रतीक्षा म्हणता येत नाही.

६. उपजीविकेचा प्रश्न

देशांतर्गत क्रिकेटपटूच्या कारकिर्दीचा विचार अर्थकारणाशिवाय पूर्ण होत नाही. शिवलकरांच्या पिढीतील खेळाडू मुख्यतः कंपन्या, बँका आणि सरकारी उपक्रम यांतील नोकरीवर जगले. मुंबईत टाइम्स ढाल स्पर्धेसाठी कंपन्या संघ बाळगत. खेळाडूला पगार, रजा आणि निवृत्तीनंतरची सुरक्षितता मिळे. पावसाळ्यात चालणाऱ्या कांगा लीगपासून रणजी सामन्यापर्यंतचा त्याचा वर्षभराचा दिनक्रम या नोकरीच्या आधारावर उभा होता.

पुढे नोकऱ्यांचा हा आधार क्षीण झाला आणि सामन्याच्या मानधनाचे महत्त्व वाढले. मंडळाने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेल्या वाढीनुसार, चाळीसपेक्षा अधिक सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ६० हजार रुपये, तर वीसपर्यंत सामने खेळलेल्यास ४० हजार रुपये ठरले. ही रक्कम पूर्वीच्या तुलनेत निश्चितच भरीव आहे. अनुभवाची किंमत करणारी श्रेणी त्यात प्रथमच दिसते, हेही स्वागतार्ह आहे. तथापि हे मानधन दिवसावर मोजले जाते. राष्ट्रीय संघातील प्रमुख खेळाडूंना वार्षिक करार असतो. देशांतर्गत खेळाडूला खेळला तरच मोबदला. महामारीमुळे २०२०-२१ ची रणजी स्पर्धा झालीच नाही, तेव्हा या फरकाचा अर्थ शेकडो कुटुंबांना समजला. त्या हंगामाची नुकसानभरपाई पुढे जाहीर करावी लागली, यातूनच मूळ व्यवस्थेतील उणीव सिद्ध होते.

२००८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगने काही देशांतर्गत खेळाडूंना मोठे उत्पन्न मिळवून दिले. परंतु तिचे निकष वीस षटकांच्या खेळाचे आहेत. चार दिवसांच्या सामन्यात दिवसभर टिकून राहणाऱ्या फलंदाजाला वा सलग वीस षटके एका टप्प्यावर टाकणाऱ्या गोलंदाजाला त्या बाजारात मागणी असेलच असे नाही. शिवलकर आणि मुझुमदार यांचे कसब नेमके याच प्रकारचे होते. अशा कसबाला योग्य मोबदला आणि मान मिळणार नसेल, तर ते शिकण्यासाठी आयुष्यातील वीस वर्षे कोण देईल? हा प्रश्न भावनेचा नाही. कसोटी क्रिकेटचा पाया ज्या स्पर्धेवर उभा आहे, तिच्या भवितव्याचा तो प्रश्न आहे. ‘दैव’ आणि ‘प्रतीक्षा’ यांची भाषा त्याला स्पर्शही करू शकत नाही.

७. भरपाईची कल्पना आणि काही आक्षेप

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुझुमदारांची भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून या संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला. यानंतर त्यांच्या कारकिर्दीची कथा नव्याने सांगितली गेली : जे खेळाडूला मिळाले नाही ते प्रशिक्षकाला मिळाले, नियतीने भरपाई केली, प्रतीक्षा फळास आली.

हा शेवट सुखद असला तरी त्यामागील तर्क तपासला पाहिजे. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य होते. जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांच्या बळावर ते गाठले गेले. ती खेळी झाली नसती आणि भारत त्या सामन्यात हरला असता, तर मुझुमदारांच्या ११,१६७ धावांचे मोल कमी झाले असते काय? भरपाईची कल्पना स्वीकारली, तर याचे उत्तर ‘होय’ असे द्यावे लागते. कारण तिच्या मते मूळ कारकीर्द तोटाच आहे आणि तो कधी तरी भरून निघावा लागतो. शिवाय ही कल्पना एका संघातील खेळाडूंचे यश त्यांच्या प्रशिक्षकाच्या चरित्रातील पूरक प्रकरण बनवते. तो त्या खेळाडूंवरही अन्याय आहे. दीर्घकाळ देशांतर्गत क्रिकेट खेळलेल्या माणसापाशी संघबांधणीचे आणि अपयश पचवण्याचे जे ज्ञान साठते, त्याचा उपयोग वरच्या पातळीवर होऊ शकतो, एवढा निष्कर्ष मात्र या घटनेवरून रास्तपणे काढता येतो आणि तो पुरेसा आहे.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, श्रेष्ठत्वाची खरी कसोटी सर्वोच्च पातळीवरच लागते. देशांतर्गत सामन्यांतील प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा विषम असतो. हा आक्षेप महत्त्वाचा आहे. देशांतर्गत धावांना कसोटी धावांचे मोल द्यावे, असे येथे सुचवायचे नाही. कसोटी न खेळलेला फलंदाज कसोटीत यशस्वी झालाच असता, असे म्हणण्यासही आधार नाही. उलट, असे म्हणणे म्हणजे पुन्हा त्याच मोजपट्टीचा आश्रय घेणे होय. म्हणणे एवढेच की, देशांतर्गत कामगिरीचे तिच्या स्वतःच्या क्षेत्रात बारकाईने मूल्यमापन व्हावे. दर्जा विषम असेल तर कोणत्या संघाविरुद्ध, कोणत्या खेळपट्टीवर, सामन्याच्या कोणत्या अवस्थेत धावा झाल्या वा बळी मिळाले, हे पाहण्याची गरज वाढते; कमी होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, सहानुभूतीची भाषा निदान या खेळाडूंची आठवण तरी जागी ठेवते. तेही खरे आहे. परंतु आठवण आणि आकलन यांत फरक आहे. ज्याची केवळ कीव केली जाते, त्याच्याकडून कोणी काही शिकत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे हाती लागतात. (१) कसोटी सामना ही कारकिर्दीची एकमेव मोजपट्टी असल्याची समजूत ऐतिहासिक आहे. बाळू आणि देवधर यांच्या मूल्यमापनात ती लागू पडत नाही. (२) ‘दैव’, ‘प्रतीक्षा’ आणि ‘भरपाई’ या कल्पना खेळाडूच्या प्रत्यक्ष कामावरून लक्ष हटवतात आणि निवडव्यवस्थेला उत्तरदायित्वातून मोकळे करतात. (३) देशांतर्गत कारकिर्दीचे मूल्यमापन करताना दीर्घकालीन सातत्य, सामन्यांचा नेमका संदर्भ, संघाच्या उभारणीतील वाटा आणि पुढील पिढीला दिलेले ज्ञान, असे चार निकष वापरता येतील. (४) या मूल्यमापनास मानधन, करार आणि निवृत्तीनंतरची सुरक्षितता यांच्या चर्चेची जोड असणे आवश्यक आहे.

या निकषांवर मुझुमदारांची कारकीर्द वाचली, तर ती एका मोठ्या फलंदाजाची, एका विजेत्या कर्णधाराची आणि दोन नव्या संघांना आपला अनुभव देणाऱ्या व्यावसायिकाची कारकीर्द म्हणून समोर येते. शिवलकरांची कारकीर्द एका परंपरेच्या शिखरावर उभ्या असलेल्या गोलंदाजाची ठरते. दोघांच्याही परिचयात ‘भारताकडून खेळले नाहीत’ हे वाक्य असू द्यावे. ते सत्य आहे. मात्र ते पहिले वाक्य असू नये. रणजीच्या सामन्यांचे धावफलक, स्थानिक वार्तांकने आणि खेळाडूंच्या आठवणी यांच्या आधारे अशा कारकिर्दींचा अभ्यास मराठीत व्हायला पुष्कळ वाव आहे. मराठीच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी मिळून तो हाती घेतला, तर क्रीडालेखनाला समीक्षेची जोड मिळेल.